एकमेकांची ओझी वाहा: मंडळीतल्या मदतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गेली काही वर्षं एक मदतगट चालतो. आजारपण, बाळंतपण, मयत, गेलेली नोकरी अशा वेळी कोणी कुठे जायचं आणि काय न्यायचं हे ठरवणं एवढंच त्याचं काम. त्याची वही मी सांभाळते. उपासना सुटल्यावर दारात, फोनवर, कधी दानार्पणाच्या पाकिटात घातलेल्या चिठ्ठीवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ते एका जागी लिहून काढले. आम्ही नगर जिल्ह्यातले मराठी प्रोटेस्टंट, त्यामुळे उदाहरणं इकडची आहेत. आमच्याकडे चर्चच्या धर्मगुरूला 'पाळक' म्हणतात, कॅथलिक वाचकांनी तिथे 'फादर' वाचावं, फारसं बिघडत नाही.

१. 'एकमेकांची ओझी वाहा' हे नेमकं कुठे लिहिलंय आणि कोणाला?

बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या गलतीकरांस पत्रात, अध्याय ६, वचन २. गलतिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला भाग. तिथल्या मंडळ्यांत वाद पेटला होता: यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करून मोशेचं नियमशास्त्र पाळायचं की नाही? म्हणजे एकमेकांवर ओझी लादणं आधीच जोरात सुरू होतं. पौल पाच अध्याय तावातावाने भांडतो आणि सहाव्यात म्हणतो, दुसऱ्याचं ओझं उचला, ख्रिस्ताचा नियम त्यात पुरा होतो. नियम पाळायची एवढी हौस आहे ना, मग हा पाळा! मला तरी त्यात हा चिमटा ऐकू येतो.

आधीचं वचन मात्र सोडू नका. ६:१ मध्ये चुकलेल्या माणसाला सौम्यपणे पुन्हा उभं करायला सांगितलंय. तिथलं ग्रीक क्रियापद मार्क १:१९ मध्येही येतं, याकोब आणि योहान तारवात बसून जाळी नीट करत होते तिथे. फाटलं म्हणून कोळी जाळं फेकत नाही, मांडीवर घेऊन एकेक डोळा सांधतो. तेव्हा पौलाच्या मनातलं पहिलं ओझं किराण्याची पिशवी नव्हे, कुणाचं तरी घसरणं आहे. आपण डबे पोचवतो, पण घसरलेल्या माणसाच्या घरची पायरी चढत नाही.

२. तीनच वचनांनंतर 'प्रत्येकाने आपला भार वाहावा' असंही लिहिलंय. हे उलटं नाही का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. ६:२ मधला 'बारोस' म्हणजे माणसाला दाबून टाकणारं वजन. ६:५ मधला 'फोर्तिऑन' म्हणजे वाहायला दिलेला बोजा. प्रेषितांची कृत्ये २७:१० मध्ये जहाजातल्या मालाला तोच शब्द आहे, आणि 'माझं ओझं हलकं आहे' असं येशू म्हणतो तिथेही तोच. पण शब्दांच्या या फरकावर सगळा इमला उभारू नये, कारण मत्तय २३:४ मध्ये शास्त्री-परूशी, म्हणजे त्या काळचे धर्मपंडित, लोकांच्या खांद्यावर जे जड बोजे लादतात त्यांनाही 'फोर्तिऑन'च म्हटलंय.

विहिरीवरचं उदाहरण मला जास्त पटतं. भरलेला हंडा ज्याचा त्यानेच डोक्यावरून घरी न्यायचा. पण तो डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. 'जरा हात लाव गं' म्हटलं की कुठलीही बाई आपली कळशी खाली ठेवून हात लावते. तिला कोणी हंडा घरापर्यंत पोचव म्हणत नाही, आणि ती 'ज्याचा हंडा त्याने उचलावा' असं प्रवचनही देत नाही.

आमच्या गटापुरता नियम असा: रोजचं ते ज्याचं त्याचं, अचानक कोसळलेलं आणि एकट्याला न पेलणारं ते सगळ्यांचं. यात न बसणारी प्रकरणं असतात, त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

३. यात 'कृपा' कुठे आली? ही तर साधी माणुसकी झाली.

माणुसकीला कमी लेखू नका, ती मिळाली तरी पुष्कळ आहे. पण फरक आहे, आणि शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला तो लगेच कळेल.

आपल्याकडे सावड असते. आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या. हिशेब चोख. त्यात काही वाईट नाही, सावड नसती तर एका बैलजोडीवाल्याची शेती कधीच बसली असती. आणि इर्जिक असते. अडलेल्या शेतकऱ्याने बोलावलं की गावातले लोक आपापली औतं घेऊन त्याच्या रानात उतरतात, दिवसभरात काम उरकतात आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. बदल्यात कोणी बैल मागायला येत नाही.

मंडळीतली बरीचशी मदत ही चांगली चाललेली सावड असते. तिने माझ्या बाळंतपणात केलं, म्हणून मी तिच्या ऑपरेशनला जाते. कृपा इर्जिकीच्या बाजूची आहे. फरक एवढाच, की इथे जेवणसुद्धा ज्याच्या रानात गेलो त्याच्याकडून घ्यायचं नसतं. आपलं जेवण प्रभूच्या मेजावर, म्हणजे प्रभुभोजनात, आधीच झालेलं असतं.

पौल तर वर्गणीलाही कृपाच म्हणतो. २ करिंथकरांस, अध्याय ८ मध्ये यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी चाललेल्या निधीला त्याने वापरलेला 'खारिस' हा शब्द म्हणजे देवाच्या कृपेचाच शब्द. आणि त्यात कौतुक कुणाचं आहे? स्वतःच कंगाल असलेल्या मासेदोनियातल्या मंडळ्यांचं.

४. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं येशू सांगतो. मग गट, वही, पाळ्या हे सगळं कशाला?

मत्तय ६ मध्ये राग आहे तो तुतारी वाजवून दान देण्यावर, ठरवून काम करण्यावर नाही.

गट का लागतो, ते मी घरात पाहिलं. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं त्या दिवशी आमच्याकडे अकरा डबे आले. नऊ डब्यांत मटकीची उसळ. रात्री शेजारी वाटली, दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्ली, दुपारी तिला वास यायला लागला. चौथ्या दिवशी एकही डबा नाही, आणि नेमका त्याच दिवशी त्यांना ताप भरला म्हणून मी दवाखान्यातून हलू शकत नव्हते. मुलांनी संध्याकाळी बिस्किटं खाल्ली. अकराही जणींचं प्रेम खरं होतं. फक्त त्या एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

मार्क २ मध्ये पक्षाघाती माणसाला चौघे उचलून आणतात. बाजेला चार कोपरे असतात. तिघांनीच धरली तर माणूस घसरतो, आणि एकाची चाल वेगळी पडली तरी घसरतो. त्या चौघांपैकी एकाचंही नाव शुभवर्तमानात नाही, म्हणजे गट असूनही उजव्या हाताचं डाव्याला कळलं नाहीच. (त्यांनी उसकटलेलं छप्पर नंतर कोणी दुरुस्त केलं, हा माझा जुना प्रश्न आहे. तेही कोणाचं तरी ओझं झालंच असेल.)

५. गट सुरू करायचा तर किती माणसं लागतात? कोणाला घ्यायचं?

पाच-सहा पुरतात. एक फोन, एक वही. आमच्या वहीत रकाने पाच: कोणाकडे, काय हवं, कधीपासून, कधीपर्यंत, कोण जाणार. यातला 'कधीपर्यंत' सगळ्यात महत्त्वाचा. तो कोरा राहिला की मदत हळूहळू आटते, कोणी थांबवत नाही आणि कोणी चालवतही नाही.

माणसं निवडताना प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ उघडून ठेवा. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटून जात होत्या आणि कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी कुरकुर दाबली नाही, सात जण निवडायला सांगितले. नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. साती नावं ग्रीक. ज्यांची तक्रार होती, भांडाराच्या किल्ल्या त्यांच्याच माणसांच्या हाती गेल्या. आपल्याकडे काय होतं? पुढच्या बाकावरची चार घरं कमिटीत आणि तीच गटात. मग गावकुसाबाहेरच्या वस्तीवरचं किंवा ऊसतोडीला जाऊन आलेलं घर वहीत येतच नाही. त्या घरातलं माणूस गटात घ्या, रकाना आपोआप भरतो.

६. मला धड स्वयंपाक येत नाही आणि देण्याइतके पैसेही नाहीत. माझा काय उपयोग?

सिव्हिल हॉस्पिटलमध्ये सकाळी केसपेपरच्या रांगेत उभं राहायला स्वयंपाक लागत नाही. आमच्या गटात एसटीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. खिडकीवरचा माणूस कितीही खेकसला तरी त्यांचा आवाज चढत नाही, तीस वर्षं गर्दीत तिकिटं फाडलीत त्यांनी. दवाखान्याच्या योजनेचे कागद, रेशनकार्डात नाव घालणं, ई-केवायसी, सगळं त्यांच्याकडे. रात्री पेशंटजवळ बसणं, घरातलं माणूस दवाखान्यात असताना गाईची धार काढणं, मुलांचा गृहपाठ घेणं, दळण आणणं, हे सगळं वहीत लिहिलं जातं. एका आजीबाईंना हिंडवत नाही, त्या फक्त रोज एका घरी फोन करून 'जेवलात का' विचारतात. त्यांचा फोन एक दिवस आला नाही तर आता लोकच त्यांना करतात.

७. लोक मागतच नाहीत. कोणाला काय हवंय हे कळणार कसं?

'काही लागलं तर सांगा हं' हे वाक्य बंद करा. ते ऐकणाऱ्याला आणखी एक काम देतं: काय लागतंय ते शोधा, कोणाला मागावं ते ठरवा, मग लाज गिळून फोन करा. त्याऐवजी, 'मंगळवारी चार वाजता येते, दळणाचा डबा दारात काढून ठेवा.' नको असेल तर माणूस नको म्हणतो. हो म्हणायला मात्र त्याला काहीच करावं लागत नाही.

८. मला मदत घ्यायची लाज वाटते. द्यायला कधीही तयार आहे, पण घ्यायचं म्हटलं की जीव नको होतो.

आपल्या भाषेतच याचं कारण सापडतं. आपण 'उपकाराचं ओझं' म्हणतो. म्हणजे एक ओझं उतरवायला आलेला माणूस दुसरं ठेवून जातो! ज्यांनी आयुष्यभर 'कुणाचे उपकार नकोत' म्हणत संसार केला, त्यांना ही लाज वाटणारच. त्यांना गर्विष्ठ म्हणू नये.

पण शुभवर्तमान एकदा या नजरेने वाचून बघा. येशू घेतो, सतत घेतो. लूक ८ मध्ये त्याच्या फिरतीचा खर्च काही स्त्रिया आपल्या पैशांतून चालवतात. यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या शोमरोनी लोकांतल्या एका बाईकडे तो पाणी मागतो. आणि शेवटी वधस्तंभ उचलायला रानातून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला धरून आणतात. मार्काने त्याच्या दोन मुलांची नावंसुद्धा नोंदवलीत, आलेक्सांद्र आणि रूफ. जगाचं ओझं वाहणाऱ्याचं लाकूड दुसऱ्याने वाहिलं. पाय धुवून घ्यायला पेत्र आढेवेढे घेतो, तर त्याला सांगितलं जातं की धुवून घेतले नाहीस तर तुझा माझा संबंध नाही.

मदत करणाऱ्याच्या बाजूने आमचा एकच कडक नियम आहे. केलेलं पुन्हा बोलून दाखवायचं नाही. 'आम्ही नव्हतो का तुमच्या वेळी' हे वाक्य गटातल्या माणसाच्या तोंडून आलं तर त्याची पाळी थांबते. एकदा थांबवलीसुद्धा आहे.

९. प्रार्थनासभेत विनंती मांडली आणि आठवड्यात ती गावभर झाली. आता परत कशाला सांगू?

तुमचं खरं आहे. 'आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून' ही म्हण आपल्या सभांना सहज लागू पडते, फक्त वाकून बघताना आपण डोळे मिटलेले असतो. 'अमक्यासाठी प्रार्थना करा हं, त्यांच्या मुलीचं असं असं झालंय' ही चहाडीच आहे, शेवटी आमेन म्हटलं तरी. नाव सांगायचं की नाही आणि किती सांगायचं, हे ज्याचं ओझं आहे तो ठरवणार. देवाला तपशील माहीत असतात. गुप्तता मोडावीच लागते अशी थोडी प्रकरणं आहेत, ती प्रश्न १३ मध्ये.

१०. पैसे द्यावेत की वस्तू? आणि हिशेब कोणाला द्यायचा?

दवाखान्याचा खर्च असेल तर वर्गणी काढण्याआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो का ते विचारा. हे न विचारता लोक दागिने मोडून मोकळे होतात. नंतर जे उरेल ते शक्यतो थेट मेडिकलवाल्याला, शाळेला, घरमालकाला द्या. घरात दारू असेल तर रोख नकोच. शिधा द्या, तोही बाईच्या किंवा आजीच्या हाती.

हिशेबाच्या बाबतीत मी चिवट आहे. दोघांनी मिळून मोजायचं, दोघांनी सही करायची. पौलासारख्या प्रेषितालाही यरुशलेमचा निधी एकट्याने नेण्याची हिंमत झाली नाही. कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याने मंडळ्यांनी नेमलेली माणसं बरोबर घेतली (२ करिंथकरांस ८:१९ ते २१). तुमची मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली हिशेब ठेवणं आणि तपासून घेणं बंधनकारक आहे. पेटीत जमलेला मदतनिधी त्याबाहेर नाही.

आणि परदेशातल्या नातेवाइकांचा प्रश्न नेहमी येतो. भारतीय नागरिक असलेला तुमचा मुलगा दुबईहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत मंडळीला पैसे पाठवत असेल तर ती परकीय देणगी धरत नाहीत. पण अमेरिकेतल्या पुतण्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर धरतात, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असलं तरीही. परकीय देणगी २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय मंडळीने घ्यायची नाही. शंका आली की आधी सीए, मग आभार.

११. मंडळीतले एक बंधू पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहा म्हणतात. हेही ओझं वाहणंच ना?

नाही. बायबलचं नीतिसूत्रांचं पुस्तक याबद्दल जितकं स्पष्ट बोलतं तितकं फार थोड्या गोष्टींबद्दल बोलतं: ६:१ ते ५, ११:१५, २२:२६ आणि २७. जामीन राहिला असशील तर हरणासारखा निसटून जा, झोपूसुद्धा नकोस, असा तिथला सूर आहे. आणि आपला १८७२ चा करार कायदा, कलम १२८, सांगतो की वेगळा करार नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. म्हणजे त्यांनी हप्ते बुडवले तर वसुलीवाला थेट तुमच्या दारात.

त्यांना नको म्हणताना एवढं करता येईल: त्यांच्याबरोबर बसून कर्ज कशाला हवंय ते समजून घ्या. दहा हजारांची नड असेल आणि तुमच्याकडे पाच असतील तर परत न येण्याच्या तयारीने पाच द्या. बुडाले तरी तुमचं घर चालेल एवढंच ओझं उचलायचं. सहीने उचललेलं ओझं खाली ठेवता येत नाही.

१२. तोच माणूस दर महिन्याला मदत मागतो. किती दिवस?

आधी 'करत नाही' आणि 'करता येत नाही' यांत फरक करा. 'काम नाही तर जेवण नाही' हे वचन (२ थेस्सलनीकाकरांस ३:१०) लोक काठीसारखं वापरतात, पण तिथे शब्द आहे तो काम करण्याची *इच्छा* नसलेल्याबद्दल. ज्याला येत नाही, मिळत नाही, झेपत नाही त्याच्याबद्दल नाही.

करता येत नसेल, म्हणजे म्हातारपण, अपंगत्व, डायलिसिस, तर ही मदत नव्हे, कायमची व्यवस्था आहे. तशी ती वहीत वेगळ्या पानावर घ्या. १ तीमथ्य ५ मध्ये विधवांची यादी करायला सांगितलीय, आणि त्याच दमात मुला-नातवंडांनी आधी आपल्या घरचं बघावं असंही. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला फोन करून 'आईचं काय ठरवलंय' हे विचारणं गटाचंच काम आहे. अवघड आहे, पण डबा नेण्यापेक्षा उपयोगी.

करत नसेल तर तीन महिन्यांची मुदत सांगा आणि त्या तीन महिन्यांत त्याच्याबरोबर काम शोधायला एक माणूस जोडून द्या. मुदत संपली की थांबा. आम्ही दोनदा थांबलो. एक जण मार्गी लागला, दुसरा उपासनेला यायचा बंद झाला. त्याचं मला अजून वाईट वाटतं, पण पुन्हा तेच करीन.

१३. कोणीतरी विश्वासाने काही सांगितलं, पण प्रकरण गंभीर आहे. गुप्तता पाळायची का?

तीन ठिकाणी नाही.

लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा ठरतो. आरोपी मंडळीतला असो, नात्यातला असो की व्यासपीठावरचा. 'आपापसात मिटवू' म्हणणाऱ्याच्या बाजूला उभे राहू नका. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८.

घरात बाईला मारहाण होत असेल तर तिला 'सहन कर, प्रार्थना कर' सांगून परत पाठवणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक दगड ठेवणं. तिला आधी सुरक्षित जागा द्या. १८१ हा महिलांचा मदत क्रमांक, तातडीला ११२.

जीव द्यायची भाषा कोणी करत असेल तर एकटं सोडू नका आणि एकट्याने सांभाळूही नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे, मोफत, मराठीतही बोलतात. डॉक्टरकडे जाणं हा विश्वासाचा अभाव नाही. मधुमेहाला गोळी घेताना आपण हा प्रश्न विचारत नाही.

१४. ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्याला मदत केली तर धर्मांतराचा आरोप होईल. मग आपल्यापुरतंच बघावं का?

गलतीकरांसच्या त्याच अध्यायात, ६:१० मध्ये, *सर्वांचं* बरं करा असं आहे, विश्वासाच्या घराण्याचं विशेषकरून. 'विशेषकरून' म्हणजे 'फक्त' नव्हे.

'भाकरीसाठी बाटले' हा टोमणा आमच्या आजोबांनी ऐकलाय, म्हणून याबाबत आम्ही काटेकोर आहोत. डब्याबरोबर पत्रक नाही. मदत घेतली म्हणून उपासनेला बोलावणं नाही. प्रार्थना करू का असं विचारायचं, नको म्हटलं तर विषय संपला. मोबदल्यात काही अपेक्षित असेल तर ती कृपा राहिलीच नाही, सावडसुद्धा नाही, सरळ सौदा झाला.

आपल्याच भागात याहून मोठं काम झालंय. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आलं. दुष्काळी तालुका, लहान लहान गावं. त्यांनी डॉक्टरचं ओझं एकट्याच्या डोक्यावर ठेवलंच नाही. गावातलीच एक बाई निवडायची, बहुधा शाळेची पायरी न चढलेली, पुष्कळदा दलित, आणि तिला बाळंतपण, लसीकरण, जुलाब, पाण्याची स्वच्छता शिकवायची. या बायका जामखेडला येऊन शिकत आणि गावी जाऊन काम करत. काम सगळ्या जातिधर्मांसाठी होतं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आणि ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला, तो तर बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवण्यासाठीच.

१५. मदत घेणाऱ्यांनी मदत करायला लागणं, असं खरंच होतं का?

पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात, जाऊन या. १८९७ मध्ये रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या दुष्काळातून मुली आणि तरुण विधवा आणल्या, उपाशी आणि आजारी. मुक्ती सदनात त्यांना नुसतं खाऊ घालून बसवून ठेवलं नाही. शिवण, विणकाम, शेती, छापखाना. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या स्त्रियांनी जुळवलं आणि छापलं. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, बायबल १९२४ मध्ये निघालं. दुष्काळाने ज्यांना रस्त्यावर आणलं होतं त्यांच्यातल्याच हातांनी त्याचे छपाईचे खिळे जुळवले.

लहान प्रमाणात आमच्याकडेही. प्रश्न ६ मधले काका गटात आले ते बायकोच्या आजारपणात आम्ही त्यांच्याकडे जात होतो म्हणून.

१६. मयताच्या वेळी गटाने नेमकं काय करायचं?

घरच्यांना एकही निर्णय घ्यावा लागू नये, एवढं. पेटी, कबर खणणारे, पाळकांना निरोप, दाखल्याचे कागद, लांबून येणाऱ्यांची झोपायची सोय, चहा. हे काम मंडळीइतकंच जुनं आहे. इ. स. २०० च्या आसपास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन लिहितो की ख्रिस्ती लोक महिन्यातून एकदा ऐपतीप्रमाणे, कोणी सक्ती न करता, पैसे टाकतात आणि ते गरिबांना जेवू घालायला आणि पुरायला जातात.

एक बारीक गोष्ट. पेटी खांद्यावर असताना खांदेकरी बदलतात ते चालता चालता. मागून येणारा आपला खांदा आधी खाली घालतो, वजन घेतो, आणि मगच पहिला बाजूला होतो. मध्ये क्षणभरही पेटी कोणाच्याच खांद्यावर नाही असं होत नाही. आमच्या पाळ्या आम्ही तशाच लावतो. जुन्या माणसाची पाळी संपायच्या आधी नवा एकदा त्याच्याबरोबर त्या घरी जाऊन येतो.

१७. गटातलीच माणसं थकतात, रुसतात, भांडतात. मग?

थकणार. संदेष्टा एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, भाकर आणि पाणी दिलं, दोनदा झोपू दिलं (१ राजे १९). मोशेचे हात गळायला लागले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी आधी त्याला बसायला धोंडा दिला, मग हात धरले (निर्गम १७). आमच्याकडे तीन महिने पाळी, मग एक महिना सक्तीची सुट्टी.

भांडणंही होणार. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा, मार्काला बरोबर न्यायचं की नाही यावरून इतके भांडले की वेगवेगळ्या वाटांनी गेले, आणि काम दोन्ही वाटांवर चाललं.

पण थकव्याचं एक कारण आपणच तयार करतो. कमिटीच्या बैठकीत एखादे गृहस्थ उदार होऊन सांगतात, 'आमच्याकडून पन्नास पोळ्या!' पोळ्या कोण लाटणार? त्यांची बायको, जिला हे रात्री कळतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार. आता वहीत ज्याने करायचं त्याचंच नाव लिहितो, आणि ते त्या माणसाने स्वतः सांगितलेलं असावं लागतं. पहिल्या महिन्यात पोळ्यांचा आकडा निम्म्यावर आला. दुसऱ्या महिन्यात दोन पुरुषांनी भाताचं काम मागून घेतलं. पहिल्या वेळी भात खालून लागला होता, पण आम्ही खाल्ला.

१८. पाळकांचं ओझं कोण वाहतं?

बहुतेक ठिकाणी कोणीच नाही. त्यांच्या घरीही आजारपण येतं, त्यांच्या मुलांचीही दहावी असते. पाळकीणबाईंना 'तुमचं कसं चाललंय' असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत उभे राहा.

१९. आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. मग मदतीचे डबे परत करताना काय घालायचं?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, याच्यापायी लोक डबे नको म्हणतात. एका घरी बाळंतीण उठून शेजारणीच्या डब्यात घालायला रवा भाजत बसली होती, कारण सासूने सांगितलं होतं की रिकामा डबा देऊ नकोस. तेव्हापासून आमच्याकडे डबा घरच्यांनी परत करायचाच नाही. दुसऱ्या दिवशीचा डबा घेऊन जाणारा आदल्या दिवशीचा उचलून आणतो, न धुतलेला असला तरी. रीत मोडवत नसेल तर चिमूटभर साखर, त्याहून जास्त नाही.

डब्यावर आणि झाकणावर, दोन्हीवर, नेलपॉलिशने आडनाव घाला. चर्चच्या मागच्या खोलीत खिडकीत सध्या सात झाकणं पडून आहेत. एकावर 'प्र' दिसतंय, पुढचं पुसलंय. ज्यांचं असेल त्यांनी रविवारी घेऊन जावं.